शेततळ्याचा मासा खाल्ला की पोट बिघडतं? कुणी ठरवलं हे?

माढ्याचं_शेततळं
परवा सोलापूरच्या खवय्यांच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरली: 'शेततळ्यातला मासा पेंडीवर वाढतो, त्याच्या आतड्यात चांगले जिवाणूच नसतात, म्हणून तो बाधतो. मासा घ्यायचा तर उजनी धरणाचाच.' खाली अंगठ्यांची रांग. माझ्या तळ्यात रोहू-कटला आहे, मला हे वाचून गप्प बसवेना.

माशाचं आतडं खातं कोण? विकणारा पोट साफ करूनच देतो, उरलेलं कालवणात उकळतं. निरोगी माशाच्या मांसात जिवाणू जवळपास नसतातच. ते असतात आतड्यात, कल्ल्यात आणि अंगावरच्या बुळबुळीत थरात. मासा मेला की तिथून मांसात शिरतात आणि तो कुजायला लागतो. सोलापूरच्या उन्हात बर्फाशिवाय पाटीत पडलेला मासा उजनीचा असो नाहीतर माझा, बाधणारच.

आणि पेंडीवर वाढला म्हणून पोटात जिवाणू नाहीत, हे धादांत खोटं. तळ्यात खाद्यावर वाढणाऱ्या चिलापीच्या (टिलापिया माशाच्या) आतड्यातही सेटोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू असतो, तो ब-१२ जीवनसत्त्व बनवतो. म्हणून तर चिलापीच्या खाद्यात ब-१२ वेगळं घालायची गरज पडत नाही.

भीमाकाठचा
दादा, आमच्या घरात आजोबांपासून जाळं आहे. नदीतला मासा शेवाळ खातो, किडे खातो, चिखलातलं काय काय खातो. तुमच्या माशाला रोज तीच गोळी. ज्याचं खाणं दहा तऱ्हेचं, त्याच्या पोटातले जिवाणू दहा तऱ्हेचे. हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही.

औषधांचं तर तुम्ही नावच काढलं नाही. आमच्या शेजारच्या तळ्यात माशांच्या अंगावर फोड आले, तर मालकानं दुकानदाराच्या सांगण्यावरून अँटिबायोटिकच्या पुड्या पाण्यात ओतल्या. त्यात चांगले जिवाणू जगतील?

सूक्ष्मजीव_शिकवते
भीमाकाठचे दादा, खाण्याचा फरक पडतो हे खरं. पण आतड्यात कोण राहणार हे मासाही ठरवतो. 2006 साली उंदराच्या आतड्यातले जिवाणू झेब्रा नावाच्या छोट्या माशात आणि माशातले उंदरात घालून पाहिले. जिवाणू मूळ प्राण्याचेच राहिले, पण त्यांचं आपसातलं प्रमाण बदलून नव्या यजमानाच्या वळणावर गेलं. 2011 साली आपल्याच देशातल्या पाण्यातून धरलेले झेब्रा मासे आणि प्रयोगशाळेत वाढलेले मासे ताडून पाहिले, तर दोघांच्या आतड्यात बरेच जिवाणू सारखे निघाले.

मोकळ्या पाण्यातला म्हणजे जास्त विविधता, असंही प्रत्येक वेळी नसतं. स्कॉटलंडच्या रानटी सामन (सॅल्मन) माशाच्या आतड्यात जवळजवळ सगळा मायकोप्लाझ्मा नावाचा एकच जिवाणू सापडला होता.

अँटिबायोटिकबद्दल मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर. त्यानं आतड्यातली घडी विस्कटते, औषधाला न जुमानणारे जिवाणू उरतात आणि ते तळ्यापुरते राहत नाहीत. तळेवाले दादा, यावर तुम्ही बोला.

जुनी_मिल_चाळ
मॅडम, सामन राहू द्या स्कॉटलंडला. उजनीच्या 'मोकळ्या' पाण्याचं बोला! पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत. उन्हाळ्यात पाणी हिरवं, वर जलपर्णी. तेच पाणी शुद्ध करून आम्हाला काही दिवसांआड नळाला येतं. आमच्या लेकरांच्या आतड्यांची चौकशी कधी करणार? पुण्याला रोज पाणी, आम्हाला त्यांचं धुणं!

कर्वे_रोडवरचा_सोलापूरकर
पुण्याला शिव्या घालणं सोपं आहे. उजनीकाठचे साखर कारखाने, गावांची गटारं यावर चकार शब्द नाही.

जुनी_मिल_चाळ
पुण्यात फ्लॅट घेतला की जीभही तिकडची होते का? आई-वडील अजून इथंच असतील तर त्यांना विचारा, हंडे भरायला रात्री किती वाजता उठतात.

कर्वे_रोडवरचा_सोलापूरकर
आई-वडिलांपर्यंत जाऊ नका. माझी आईच उठते, मला माहीत आहे. म्हणूनच म्हणतो, दोष सगळ्यांचा मांडा.

भीमाकाठचा
पाणी घाण आहे हे आम्ही रोज हातापायांच्या खाजेवर भोगतो. पण त्यात मासा दोषी कसा? पूर्वी मरळ, वाम जाळ्यात यायचे, आता जाळं ओढावं तर चिलापीच चिलापी. घाण पाण्यात ती तगते, बाकीचे हटतात. आमच्या धंद्याचं वाटोळं झालं ते यानं, आणि तुम्ही दोघं नळावर भांडताय.

सूक्ष्मजीव_शिकवते
हाच तर मूळ मुद्दा! मासा ज्या पाण्यात असतो, तिथले जिवाणू त्याच्या पोटात जातात. एरोमोनास नावाचा जिवाणू धरणात आणि तळ्यात दोन्हीकडे असतो. पाण्यात प्राणवायू कमी झाला, गर्दी वाढली, मासा अशक्त झाला की तोच फोड आणतो. त्यामुळं 'उजनी की शेततळं' असं न विचारता, त्या पाण्याची अवस्था काय आहे ते विचारा.

माढ्याचं_शेततळं
मॅडम, मी अँटिबायोटिक टाकत नाही. तळ्यात बोटुकली (माशाची बोटभर पिलं) कमी सोडतो आणि पाणी बदलतो. पण टाकणारे आहेत, हे नाकारत नाही. प्रोबायोटिकच्या, म्हणजे चांगल्या जिवाणूंच्या, नावाखाली दुकानदार काय वाटेल ते गळ्यात मारतात, डब्यावर जिवाणूचं नावसुद्धा नसतं. त्यावर कुणी पोस्ट लिहीत नाही, माझ्या माशाला मात्र नावं ठेवतात.

भीमाकाठचा
बर्फाचं तुमचं मान्य, आतड्याचंही बाई म्हणतात म्हणून मान्य. चवीचं मरेपर्यंत मान्य करणार नाही. आणि एक स्पष्ट सांगतो. तळ्याचा मासा तळ्याचा म्हणून विका, मी एका शब्दानं नावं ठेवणार नाही. 'उजनीचा' म्हणून विकताना कुणी दिसला, तर तिथंच भर बाजारात उभं राहून सांगेन.