गावठाणातील जुन्या चॅपेलचे वय कसे शोधावे आणि ओल आलेल्या भिंतींचे काय करावे?

साष्टीकर यांचा प्रश्न:

मुंबईच्या उत्तर टोकाला, गोराई खाडीपलीकडच्या गावठाणात आमचे लहानसे चॅपेल आहे. चाळीस माणसे दाटीने बसतील एवढी जागा, अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, वर मंगळुरी कौले आणि समोरच्या अंगणात दगडी क्रूस. घरातील वडीलधारी माणसे त्याला अजूनही देऊळच म्हणतात. क्रूसाच्या चौथऱ्यावर १८९७ हे साल कोरलेले आहे, पण चॅपेल पोर्तुगिजांनी चारशे वर्षांपूर्वी बांधले, असे गावात सगळेच सांगतात.

पंधरा वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. तेव्हापासून दर पावसाळ्यात ओल कमरेच्याही वर चढते, रंगाचे पापुद्रे सुटतात आणि भिंतीवर मिठासारखी पांढरी पूड फुलते. आता गावच्या समितीपुढे असा प्रस्ताव आहे की, सगळा गिलावा यंत्राने फोडावा, पुन्हा सिमेंट करावे, खालच्या चार फुटांना चकचकीत फरशा लावाव्यात आणि कौलांऐवजी पत्रे घालावेत. समितीतील मंडळी मनापासून झटणारी आहेत, त्यामुळे नुसता विरोध करण्यापेक्षा माहिती घेऊन बोलावे असे वाटते. चॅपेलचे खरे वय कसे कळेल? आणि ही ओल कशाने जाईल?

जुनी वही यांचे उत्तर:

आधी वयाविषयी. १८९७ हे साल क्रूसाचे आहे, इमारतीचे असेलच असे नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीच्या वस्तीत प्लेग उघडकीस आला आणि पुढच्या काही वर्षांत मुंबई आणि साष्टीतील (म्हणजे आजची उपनगरे ते ठाणे या पट्ट्यातील) अनेक गावठाणांत लोकांनी रोगापासून रक्षण व्हावे म्हणून क्रूस उभारले. तुमचा क्रूस बहुधा त्याच दिवसांतला आहे.

चारशे वर्षांची आठवण मात्र निराधार म्हणता येणार नाही. वसई आणि साष्टीचा मुलूख १५३४ च्या तहाने पोर्तुगिजांकडे गेला आणि त्यानंतरच्या शतकभरात येथे गावोगाव चर्च उभी राहिली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत वसई पडली, त्या धामधुमीत कित्येक चर्च ओस पडली, आणि १७७४ च्या अखेरीस साष्टी इंग्रजांनी घेतली. त्यामुळे आज आपण ज्याला पोर्तुगीज चर्च म्हणतो, त्यातील बऱ्याच ठिकाणी पाया जुना आणि वरचे बांधकाम एकोणिसाव्या शतकातील, असे मिश्रण आढळते. तुमच्याकडेही तसेच असू शकते; म्हणून एकच साल शोधण्यापेक्षा कोणता भाग कधीचा, असा प्रश्न विचारावा.

कागदांसाठी सर्वप्रथम तुमच्या पॅरिशच्या, म्हणजे चॅपेल ज्या मुख्य चर्चच्या हद्दीत येते त्याच्या, बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या पाहाव्यात. जुन्या नोंदी पोर्तुगीज भाषेत असतात. येथे एक गुंता लक्षात ठेवावा: १८८६ ते १९२८ या काळात साष्टीतील अनेक चर्च मुंबईच्या नव्हे, तर दमणच्या धर्मप्रांताखाली होती. त्यामुळे मुंबईत पत्रव्यवहार सापडला नाही म्हणून शोध सोडू नये. १८८२ सालच्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही (सरकारी माहितीग्रंथात) साष्टीतील चर्चची माहिती आहे. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढले, तर जागा पॅरिशच्या नावावर आहे की गावाच्या, हेही कळेल. दुरुस्तीची परवानगी कोणी द्यायची, तेही बरेचसे त्यावर ठरते.

दगडचुना यांचे उत्तर:

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात आहे, म्हणून ओलीविषयी लिहितो. तुमच्या भिंती दगड आणि चुन्याच्या असणार. जमिनीतील पाणी अशा भिंतीत थोडे चढतेच, पण चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्याने ते बाहेर पडून वाळते. सिमेंटने ती वाट बंद केली की पाणी जागा मिळेल तसे वर सरकते, समुद्राकाठचे क्षार सोबत नेते, आणि ते क्षार गिलाव्याच्या मागे स्फटिक होऊन फुगले की दगडाचाच पृष्ठभाग फोडतात. फरशा लावल्यास आज कमरेला असलेली ओल खांद्यापर्यंत जाईल. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या भिंतीला वाळायला वाट हवी.

यंत्र मुळीच लावू नका. त्याच्या हादऱ्याने आतला जुना चुना भुगा होऊन गळतो. छिन्नी-हातोडीने, थोडा थोडा भाग घेऊन सिमेंट उतरवावे आणि भिंत निदान एक कोरडा हंगाम उघडी ठेवावी. त्या दरम्यान पागोळ्यांचे पाणी पायथ्याशी साचत असेल, तर त्याला उतार करून द्यावा. कित्येकदा निम्मी ओल एवढ्यानेच कमी होते. नंतर चांगला विरवून मुरवलेला चुना, वाळू आणि विटांची सुरखी (भुकटी) यांचा गिलावा पातळ थरांत करावा. प्रत्येक थर काही दिवस ओलसर राखावा लागतो, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो. घाई करणाऱ्या ठेकेदाराला हे काम देऊ नये. गिलाव्यावर प्लॅस्टिक रंग न देता चुन्याचीच सफेदी द्यावी.

पत्र्यांचा विचारही सोडावा. काही कौले काढून पाठ पाहा. तेथे कारखान्याचा शिक्का असतो. मंगळूरला बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचा पहिला कौलांचा कारखाना १८६५ मध्ये सुरू झाला, म्हणजे आजचे छप्पर त्याआधीचे नाही, एवढे तरी खात्रीने सांगता येईल.

जुनी वही:

एक भर घालतो. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली लागू आहे आणि यादीतील वास्तूंची वर्गवारी केलेली आहे. तुमचे चॅपेल यादीत आहे का, हे महापालिकेकडे आधी विचारावे. यादीत नसले तरी काम सुरू होण्यापूर्वी चारही भिंतींची, छपराची आणि क्रूसाची छायाचित्रे मोजपट्टी धरून काढून ठेवावीत. अंधेरीला सीप्झ या निर्यात उद्योगक्षेत्राच्या आवारातील १५७९ चे संत जॉन बॅप्टिस्टचे चर्च पाहून या. १८४० च्या सुमारास साथीमुळे लोक मरोळला गेले, चर्च रिकामे पडले आणि आज तेथे भग्नावशेष उरले आहेत. तुमच्या गावात माणसे आहेत, चॅपेलमध्ये दिवा लागतो. हे फार मोठे बळ आहे.

साष्टीकर:

आपणा दोघांचे मनापासून आभार. काल सकाळी शिडी लावून कोपऱ्यातील तीन कौले काढली. दोहोंच्या पाठीवर शिक्का आहे, तिसरे कोरे आणि अधिक जाड आहे. वेदीमागे सिमेंट फुगून पोकळ वाजत होते, तेथील तळहाताएवढा तुकडा हातानेच निघून आला. त्याखाली चुन्याचे थर पानांसारखे एकावर एक बसलेले आहेत: वर पांढरा, त्याखाली निळीची झाक असलेला, मग फिकट पिवळा, आणि अगदी आत बोटाच्या नखाएवढे शिंपल्यांचे तुकडे मिसळलेला जाडसर थर. माझ्या आजीने तो निळसर रंग पाहून लगेच सांगितले की, तिच्या लग्नाच्या वर्षी भिंतीला नीळ घातलेली सफेदी दिली होती.

रविवारी मिस्सानंतर समितीची बैठक आहे. तो तुकडा कापडात गुंडाळून तेथे नेणार आहे, आणि सिमेंट फोडण्याचे काम चुन्याची माहिती असलेला गवंडी मिळेपर्यंत थांबवावे, अशी विनंती करणार आहे. असा गवंडी कोणाच्या माहितीत असेल, तर कृपया येथे कळवावे.