अँचोव्हीला मांदेली म्हणावं का?

शब्दखूण: पेरूच्या मासेमारीवरचा लेख मराठीत आणतेय. १९७० च्या सुमारास तिथे वर्षाला १ कोटी टनांहून जास्त अँचोव्हेटा (तिथली अँचोव्ही) पकडला जायचा, १९७२ च्या एल निन्योत, म्हणजे तिथला समुद्र तापला तेव्हा, सगळं कोसळलं. संपादकांनी 'अँचोव्ही' खोडून सगळीकडे 'मांदेली' केलंय. पटतं का तुम्हाला?

वसईकर: का पटू नये? कुळ एकच. तोंड बघा, नाकाडाखाली आणि पार डोळ्याच्या मागेपर्यंत फाटलेलं. तारलीचं तसं नसतं. बाजारातली काटीसुद्धा याच कुळातली. घरचा शब्द असताना उसना कशाला?

मीठभाकर: अहो, कुळ एक म्हणून मासा एक होत नाही. मांदेली सोनेरी, शेपटीकडे निमुळती, आपल्या डोल जाळ्यात सापडणारी. पेरूचा मासा रुपेरी, दुभंगल्या शेपटीचा, थंड पाण्यातला. त्याची बहुतेक भुकटी होते, पशुखाद्यासाठी. 'मांदेली' वाचलं की माझ्या डोळ्यांपुढे वर्सोव्याचा बाजार येतो, पेरू येत नाही.

सायली: स्पेनमध्ये ताज्याला बोकेरोन म्हणतात आणि खारवलेल्याला अंचोआ. मासा तोच! पिझ्झावर येते ती कित्येक महिने मिठात मुरून तपकिरी झालेली, तेलातली. तिला मांदेली म्हणायला माझी तरी जीभ वळत नाही.

ओवीप्रेमी: मला वाटतं मांदेली हा शब्द 'मांदी'वरून आला. मांदी म्हणजे समुदाय, आणि हा मासा थव्यानेच फिरतो. पसायदानातली 'ईश्वरनिष्ठांची मांदियाळी' आठवा.

वसईकर: ऐकायला गोड आहे, पण पुरावा? थव्याने तर तारलीही फिरते.

ओवीप्रेमी: नावं ठेवणारे कोळी काही नियम लावून बसले नव्हते. प्रत्येक शब्दाला कागदावरचा पुरावा मागितलात तर निम्मे मासे बिननावाचे राहतील.

मीठभाकर: तमिळ नेत्तिली, मल्याळी नत्तोली हेही याच कुळातले, आणि दिसायला अँचोव्हेटाच्या कितीतरी जवळचे. उसनंच घ्यायचं तर शेजारून घ्या.

वसईकर: म्हणजे मराठी वाचकाने पेरू समजायला आधी तमिळ शिकायचं?

शब्दखूण: कुळाला 'मांदेली कुळ' आणि त्या माशाला 'अँचोव्हेटा' असं केलं तर?

सायली: मांदेली तळताना तुम्ही डोकं ठेवता की काढता? आमच्याकडे डोकं काढून, आगळ, हळद, तिखट लावून तांदळाच्या पिठात. काट्यासकट खायची.

वसईकर: रवा लावा. पीठ नको.