परदेशातली हवा कशी सोसली, कशी आवडली? अनुभव लिहा

धाकटी बहीण आणि तिचा नवरा नोकरीसाठी परदेशी जायच्या तयारीत आहेत. दोन-तीन देश डोळ्यांसमोर आहेत. पगार, व्हिसा, घरभाडं यांची माहिती हवी तेवढी मिळते. हवेबद्दल विचारलं की मात्र 'तिकडे फार थंडी' नाहीतर 'तिकडे फार उकाडा' यापुढे कोणी जात नाही. एखादा देश मानवतो की नाही, यात हवेचा वाटा आपण धरतो त्याहून बराच मोठा असतो असं माझं ठाम मत आहे. तो वाटा तापमानाच्या आकड्यावरून कळत नाही. उजेड किती वेळ असतो, वारा कुठून येतो, घरं कशी बांधलेली असतात, पोरांना संध्याकाळी बाहेर खेळता येतं का, हे लिहा. फिरून आलेल्यांनीही लिहा, फक्त कुठल्या महिन्यात गेला होता ते आवर्जून सांगा.

सुरुवात मीच करते. माहेर पुणे, आता मेलबर्न. इथे उन्हाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की तो आतल्या कोरड्या मुलखातून तापून येतो आणि पारा चाळीशी ओलांडतो. मग दुपारी उशिरा दक्षिणेकडून समुद्रावरचा वारा शिरतो आणि अर्ध्या तासात दहा-पंधरा अंश उतरतात. त्या वेळी गल्लीतल्या सगळ्या घरांच्या खिडक्या धडाधड उघडतात. पाऊस रोज थोडा थोडा भुरभुरतो म्हणून शहर पावसाळी वाटतं, पण वर्षाचा हिशेब 650 मिमीच्या आसपास, म्हणजे पुण्याहून कमी. सिडनीत जवळपास दुप्पट पडतो. खरी काळजी उन्हाची. हवा गार असली तरी कातडी भाजते, म्हणून शाळेत टोपी नसेल तर मुलांना उन्हात खेळू देत नाहीत. दिवाळी येते वसंतात. घड्याळं पुढे केलेली असल्यामुळे आठ वाजत आले तरी उजेड असतो आणि पोरं आकाशकंदील लावायची वाट बघत अंगणात घुटमळतात.

हेलसिंकीकर

मूळचा डोंबिवलीचा. थंडीबद्दल सगळे विचारतात, पण उणे दहाचा त्रास नाही हो. कोरडी थंडी, अंगावर नीट थर चढवले की झालं. घरात 21-22 अंश, खिडक्यांना तिहेरी काचा, घरात साध्या टी-शर्टवर वावरतो. पाळणाघरातली पोरं बर्फातही रोज बाहेर खेळतात, तान्ही बाळं बाबागाडीत उघड्यावर झोपवतात.

जड जातो तो नोव्हेंबर. बर्फ टिकत नाही, आभाळ आठवडेच्या आठवडे राखाडी, रस्ते ओले आणि काळे. दिवस आक्रसत डिसेंबरात सहा तासांच्याही खाली येतो. कामाला जाताना अंधार, येताना अंधार. अंगरख्याला चमकणारी पट्टी लटकवूनच बाहेर पडायचं, नाहीतर गाडीवाल्याला माणूस दिसत नाही. एकदा का बर्फ नीट बसला की उजेड परततो, कारण पांढऱ्या जमिनीवरून रस्त्यावरचा दिवाही दूरवर पसरतो. माणसं बोलायला लागतात. हा फरक मी आकड्यात सांगू शकत नाही, पण तो अंगाला जाणवतो.

जूनमध्ये उलटं. सूर्य रात्री पावणेअकराच्या पुढे मावळतो आणि पुरता अंधार पडतच नाही. काळे पडदे लावल्याशिवाय मुलं झोपत नाहीत. नोव्हेंबरात जो माणूस पाहिला तोच जूनमध्ये तळ्याकाठी पाहिला तर ओळखू येणार नाही. इथे यायचं असेल तर पहिला हिवाळा एकट्याने काढू नका. सोबत, व्यायाम आणि ड जीवनसत्त्व, तिन्ही लागतं.

ऑकलंडहून

हेलसिंकीकरांच्या घराचं वाचून हेवा वाटला. इथे बर्फ पडत नाही, जुलैतल्या रात्रीही सहसा 7-8 अंश असतात. आकडा बघून लोक स्वेटर दोनच आणतात. पण जुनी लाकडी घरं, एकेरी काच, त्यात दमट हवा. सकाळी उठून पहिलं काम म्हणजे खिडक्यांवरचं पाणी पुसणं. कपाटातल्या चामड्याच्या चपलांना बुरशी. 2019 साली भाड्याच्या घरांसाठी नियम आले, बैठकीची खोली 18 अंशांपर्यंत तापेल असा हीटर घरमालकाने बसवायचा. घर बघायला जाल तेव्हा तो आहे का, छतात उष्णतारोधक थर आहे का, हे विचाराच. उत्तरेकडून ऊन येणारं घर घ्या. दक्षिण गोलार्धात सूर्य तिकडून असतो.

मस्कत आणि सलाला

मी देवगडकडचा, ओमानात बरीच वर्षं. मस्कतचा उन्हाळा गोड करून सांगणार नाही. 2018 च्या जूनमध्ये इथून जवळच्या कुरियातला चोवीस तासांतलं सर्वांत कमी तापमान 42.6 अंश होतं. रात्रीसुद्धा त्याखाली उतरलं नाही. एसीतून बाहेर आलं की चष्म्यावर वाफ धरते. पाण्याच्या टाक्या गच्चीवर, त्यामुळे गार पाण्याच्या नळाला कढत पाणी. म्हणून उन्हाळ्यात गीझर बंद ठेवतात आणि त्यात साठलेलं पाणी गार म्हणून वापरतात. नव्याने आलेल्याला हे आम्ही पहिल्याच आठवड्यात सांगतो.

पण त्याच देशात दक्षिणेला हजारेक किलोमीटरवर सलाला आहे. जूनअखेर ते सप्टेंबर तिथे खरीफ. कोकणात पाऊस आणणारे नैऋत्येचे वारे तिथल्या किनाऱ्यावरच्या गार समुद्रावरून येतात आणि धोफारच्या डोंगरांना धुक्यात, झिमझिम पावसात बुडवून टाकतात. पारा पंचविशीच्या आसपास. डोंगर हिरवेगार, रस्त्याकडेला शहाळी, केळी, पपया. सगळ्या आखातातून कुटुंबं गाड्या घेऊन येतात आणि सतरंजी टाकून भिजत बसतात, छत्री कोणाकडेच नसते. डोंगराची धार ओलांडली की काही मिनिटांत पुन्हा वाळवंट. आमच्याकडची माणसं दुबईच्या इमारती बघून परत जातात, मला फार वाईट वाटतं. ऑगस्टात सलालाला जा.

सिंगापूर

थोडक्यात लिहिते. बाराही महिने 31-32 अंश, बाराही महिने सातच्या सुमारास उजाडतं आणि सातच्याच सुमारास मावळतं. सोय उत्तम, स्टेशनपासून इमारतीपर्यंत बहुतेक ठिकाणी छत असलेली वाट आहे. पण ऋतू नाहीत हे मला आजही सलतं. जुना फोटो बघून तो कुठल्या महिन्यातला हे सांगता येत नाही.

मॉरिशस, ऑगस्टात

आईवडिलांना घेऊन गेलो होतो. तिकडे तेव्हा हिवाळा. पूर्व किनाऱ्यावर वारा एवढा की वडिलांना वाळूवर बसवेना. पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाकला शांत आणि उबदार. मधल्या पठारावर क्युरपिपला झिमझिम आणि अंगात स्वेटर. बेट एवढंसं, तरी हॉटेल कुठल्या बाजूला घेता यावर सगळं अवलंबून. जानेवारी ते मार्च वादळांचे, ते टाळा. गणेश चतुर्थीची तिथे सरकारी सुट्टी असते. तिथल्या मराठी कुटुंबांच्या कैक पिढ्या त्या बेटावर झाल्या आहेत. आमची तारीख थोडक्यात हुकली, तुम्ही जमवा.

प्रश्न

आईला संधिवात आहे. पहिल्यांदा बोलवायचं तर कुठला महिना?

मूळ धागाकर्ती

मेलबर्नला मार्च-एप्रिल. वारा पडलेला असतो, ऊन सोसतं, रात्री अजून गारठत नाहीत. जुलैत अजिबात बोलवू नका. ऑकलंडच्या घरांबद्दल वर लिहिलंय ते इथल्या जुन्या घरांनाही लागू आहे. हेलसिंकीकर, तुमच्याकडचं सांगा.

हेलसिंकीकर

मेअखेर ते ऑगस्टमध्य. एप्रिल नको. बर्फ वितळून रात्री पुन्हा गोठतो आणि पाय घसरतो. त्यात हिवाळाभर रस्त्यावर टाकलेली खडी झाडायला काढतात, धूळ फार उडते.