बोटातून पुरेसे रक्त येत नाही, उद्या नमुना पाठवायचा आहे – मदत हवी आहे

केळीबाग (रावेर): नमस्कार. सासूबाईंनी एका संशोधन अभ्यासात नाव दिले असून त्यांच्यासाठी घरी रक्त घेण्याचा संच आला आहे. बोटाला टोचल्यावर जेमतेम एक थेंब येतो आणि थांबतो, त्यामुळे वर्तुळ अर्धेच भरते. त्यावर आज पुन्हा रक्त टाकले तर चालेल का? कृपया लवकर सांगावे.

तापीकाठ (भुसावळ): ताई, मी प्रयोगशाळेत काम करतो. वर्तुळ म्हणजे जाड गाळणकागदाच्या कार्डावरचे ना? कोणत्या बोटाला, नेमके कुठे टोचले, लॅन्सेट (टोचण्याच्या छोट्या सुया) किती उरल्या आहेत आणि सासूबाईंना रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे का, हे सांगितल्याशिवाय नीट उत्तर देता येणार नाही.

शेतशिवार (चोपडा): एवढे विचारण्याची गरज नाही. आम्ही वडिलांची शुगर घरीच तपासतो; बोट मुळापासून घट्ट दाबत आणले की रक्त येतेच. कार्ड मात्र गच्चीवर उन्हात वाळवा, या थंडीत ते लवकर वाळत नाही.

तापीकाठ: भाऊ, दोन्ही गोष्टींना माझा ठाम विरोध आहे. ग्लुकोमीटरला एक मायक्रोलिटरच्या आसपास रक्त पुरते, तर कार्डाचे एक वर्तुळ भरायला साधारण 50 ते 75 मायक्रोलिटर लागते. ते मिळवण्यासाठी बोट पिळले, तर पेशींभोवतीचा द्रव रक्तात मिसळतो आणि तांबड्या पेशी फुटतात, म्हणजे वर्तुळ भरलेले दिसले तरी निकाल चुकीचा येऊ शकतो. उन्हानेही नमुना खराब होतो.

सातपुडा (नंदुरबार): रक्त काढतच आहात तर सिकलसेलची (तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराची) तपासणीही करून घ्यावी. 2023 मध्ये राष्ट्रीय अभियान सुरू झाले असून आमच्या जिल्ह्यात हा आजार आहे.

शेतशिवार: सिकलसेलचे इथे कोणी विचारलेले नाही. ताईंना उद्या पाकीट पाठवायचे आहे.

केळीबाग: कार्डच आहे. तर्जनीच्या अगदी टोकाला टोचले होते. गोळी कोणतीही नाही. लॅन्सेट एकच उरली आहे. केळीच्या कामाने त्यांच्या बोटांची कातडी जाड झाली आहे, आणि सकाळी हात बर्फासारखे गार असतात. आता त्या थोड्या घाबरल्याही आहेत.

तापीकाठ: मग आधी त्यांना मनापासून द्यायचे आहे का, हे विचारा, सहभागातून केव्हाही माघार घेण्याचा त्यांना हक्क आहे. त्या तयार असतील तर हात कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करा, थोडा वेळ खाली सोडून ठेवा आणि मधल्या बोटाच्या किंवा अनामिकेच्या टोकाकडच्या पेराला, मध्यभागी नव्हे तर किंचित बाजूला टोचा. पहिला थेंब पुसा, हात खालीच ठेवा आणि पुढचा थेंब आपोआप मोठा झाल्यावर कागदाला हलकेच टेकवा, बोट टेकवू नका. अर्धे वर्तुळ तसेच सोडून नवे भरा, कारण वाळलेल्या डागावर दुसरा थेंब पडला की थर साचतात. कार्ड आडवे ठेवून सावलीत किमान 3 ते 4 तास वाळू द्या आणि मगच ओलावा शोषणाऱ्या पुडीसह पिशवीत घाला. इतके करूनही वर्तुळ भरले नाही, तर वापरलेली लॅन्सेट पुन्हा टोचू नका. माहितीपत्रकावरील क्रमांकावर फोन करून दुसरा संच मागा आणि उद्याची तारीख पुढे ढकलता येईल का, तेही फोनवरच विचारा.