शब्दचर्चा: तोंड 'कळकणे'

धरमपेठकर: माझ्या मोठ्या काकूचं उजव्या कानाचं कॉक्लिअर इम्प्लांटचं (ऐकू येण्यासाठी कानात बसवतात ते यंत्र) ऑपरेशन झालं, मशीन अजून ऑन व्हायचं आहे त्यामुळे सध्या सगळं बोलणं वहीत लिहूनच चालू आहे. पण आता तिची नवीनच तक्रार, वरण तोंडात कसंतरीच लागते म्हणते, चहा तर कल्हई उडालेल्या गंजात (पातेल्यात) ठेवल्यासारखा. डॉक्टरांना चिठ्ठी लिहून द्यायची आहे, 'बेचव' लिहू का 'अळणी'?

इतवारीकर: काऊन बाप्पा, शब्द तर काकूनंच देला न! कळकणे. कल्हई नसलेल्या पितळी गंजात कढी ठेवली का आंबटानं तांबं उतरते न कढी कळकते, आमची आजी अशी कढी सरळ फेकून द्यायची. फक्त 'कळकट' नको लिहू बावा, त्याचा अर्थ मळका, डॉक्टरले वाटन काकू आंघोळच करत नाही 😄

सीताबर्डी: अळणी नकोच, तो दोष भाजीचा, मीठ टाकलं की संपला. 'अरुची' म्हणजे खावंसंच न वाटणं. इथे बिघाड नसेचा आहे. कॉर्डा टिम्पॅनी नावाची चवीची नस मधल्या कानातून, हातोडी न ऐरण या दोन हाडांच्या मधून जाते आणि जिभेचा त्याच बाजूचा पुढचा दोन-तृतीयांश भाग सांभाळते. इम्प्लांटची तार आत न्यायला हाडात वाट कोरतात ती चेहऱ्याची नस आणि ही नस यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून, मग ती कधी ताणली जाते, कधी कापावीही लागते. बहुतेकांचं काही महिन्यांत बरंच सुधरतं, पण सांगायला पाहिजे. तिखट मात्र दुसऱ्या नसेचं काम, म्हणून विचारून बघ तर्री झोंबते का.

धरमपेठकर: झोंबते म्हणते, बरोब्बर झोंबते! तुमचं वाचून काकूनं लगेच आरशासमोर जीभ बाहेर काढली न ओल्या बोटानं मीठ लावून पाह्यलं, डावीकडे लगेच खारट, उजवीकडे नुसतं खरखर. जीभ आत घेतल्यावर मग सगळीकडेच खारट, म्हणून इतके दिवस तिला एका बाजूचं आहे हे कळलंच नव्हतं.

इतवारीकर: मंग हेच लिही न: "उजवीकडची जीभ कळकते, मीठ लागत नाही, तिखट लागते."

सीताबर्डी: छान. फक्त आजकालच्या स्टीलच्या भांड्यातल्या डॉक्टरला 'कळकते' समजेलच असं नाही, तेव्हा पुढे 'धातूसारखी चव येते' एवढं जोड, आणि कधीपासून ते पण टाक.