‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ संपली, आता काय वाचू? (बजेट हजार रुपये)

मोगरी
रसभंगाचा इशारा आधीच देते. पाचही पुस्तकांतल्या घटनांबद्दल इथे मोकळेपणी बोलणार आहे.

सॅरा जे. मासची ही परीलोकातली मालिका भाचीकडून आणून वाचली. पाचवं पुस्तक संपलं आणि तेव्हापासून दुसरं काही हातात धरवत नाही. दोन-तीन कादंबऱ्या उघडल्या, पंधरा-वीस पानांत मिटल्या.

मला सगळ्यात भिडलं ते दुसरं, ‘अ कोर्ट ऑफ मिस्ट अँड फ्युरी’. पहिल्या पुस्तकात नायिका फेयरा दुष्ट राणी अमरान्थाच्या तीन परीक्षा देते, मरते, परीलोकाचे सात अधिपती, म्हणजे हाय लॉर्ड, मिळून तिला परत जिवंत करतात, तिचा प्रियकर टॅमलिन सुटतो. एरवी गोष्ट इथे संपली असती. दुसरं पुस्तक इथूनच सुरू होतं आणि ही मुलगी रोज रात्री उठून उलट्या करतेय. चित्रं काढायची ती, आता रंगांना हात लावत नाही. दिवसेंदिवस वाळत चाललीय आणि घरात लग्नाच्या फुलांची, पोशाखाची चर्चा रंगलीय. मग टॅमलिन तिला काळजीपोटी घरात कोंडतो. ते वाचून मी पुस्तक पालथं ठेवलं आणि खूप रडले. काळजी करणारं माणूसच दार लावून घेतं तेव्हा काय होतं, हे इतकं नेमकं मी कुठे वाचलं नव्हतं.

तर असं काहीतरी सुचवा. नायिकेला सावरायला लेखिकेने वेळ दिलेला हवा. प्रेम हवंच. शेवट सुखाचा हवा. मालिका पूर्ण झालेली हवी, ताटकळत बसायची माझी तयारी नाही. कागदी पुस्तक, कारण बसमध्ये वाचते. एकूण हजार रुपये, त्यापलीकडे या महिन्यात जमणार नाही.

निशिगंध
रुमाल टाकून ठेवते. रात्री सविस्तर लिहीन.

ड्रॅगनवेडी
‘फोर्थ विंग’! डोळे मिटून घ्या. रेबेका यारॉसची. व्हायलेटची हाडं नाजूक, सांधे निखळतात, तरी आई तिला युद्धशाळेत ढकलते आणि टेर्न नावाचा भलामोठा ड्रॅगन तिलाच निवडतो. मी तिन्ही भाग प्री-ऑर्डर करून घेतलेत, तिसरा जानेवारी 2025 मध्ये आला त्या दिवशी रजा टाकली होती. टेर्न बोलायला लागला की अंगावर काटा येतो.

मोगरी
आभार. पण मालिका पूर्ण झालीय का?

ड्रॅगनवेडी
पाच भाग ठरलेत, तीन आलेत. तिसऱ्याचा शेवट भयंकर ठिकाणी होतो. वाट बघण्यातच मजा आहे, घ्याच तुम्ही.

सह्यकडा
सगळ्यात आधी किंडल घ्या. अक्षर मोठं करता येतं, बसमध्ये एका हातात मावतं, आठशे पानांचं ओझं नाही. मी घेतल्यापासून कागदी पुस्तकाकडे वळून पाहिलेलं नाही.

मोगरी
सह्यकडा, किंडल हजारात येत नाही हो.

सह्यकडा
एकदाच खर्च. पुढे पुस्तकं स्वस्त पडतात. हिशोब मांडून बघा.

कुसुंबी
सॅरा मासचीच ‘थ्रोन ऑफ ग्लास’ घ्या. 2012 ते 2018, आठ पुस्तकं, मालिका पूर्ण. नायिका एन्डोव्हिअरच्या मिठाच्या खाणीतून सुटून येते, म्हणजे तुमचं ते ‘सावरणं’ पहिल्या पानापासून आहे. मात्र क्रम पाळा. ‘द असॅसिन्स ब्लेड’, म्हणजे नायिकेच्या आधीच्या आयुष्यातल्या कथा, आधी वाचा, मगच बाकीची. आणि ‘एम्पायर ऑफ स्टॉर्म्स’ व ‘टॉवर ऑफ डॉन’ एकाच काळात घडतात, ती दोन्ही शेजारी ठेवून आलटून पालटून प्रकरणं वाचायची. मी तशीच वाचली, खुणेच्या चिठ्ठ्या लावून. फार समाधान मिळालं.

रानजाई
कुसुंबी, असहमत. ‘असॅसिन्स ब्लेड’ आधी कशाला? ते तिसऱ्या, ‘हेअर ऑफ फायर’ नंतर वाचायचं. तोवर सॅमचं, नायिकेच्या पहिल्या प्रियकराचं, नाव नुसतं कानावर येत राहतं, ती त्याबद्दल बोलायचं टाळते. मग अचानक त्याची गोष्ट समोर येते तेव्हा काळीज पिळवटतं. आधीच वाचलं तर ते सगळं गमावलं.

कुसुंबी
उलट आहे. आधी वाचलं तर ती गप्प का बसते हे आपल्याला ठाऊक असतं, आणि तिच्या भोवतीच्या कुणालाच ठाऊक नसतं. त्यात जास्त दुःख आहे.

रानजाई
आणि ते आलटून पालटून वाचणं म्हणजे दोन्ही पुस्तकांचा सूर मोडणं. ‘टॉवर ऑफ डॉन’ शांतपणे एकसलग वाचायचं पुस्तक आहे. केओलची पाठ मोडलीय, तो चालू शकत नाही, उपचार करणाऱ्या यरिनशी त्याचं रोजचं भांडण आणि रोजचे उपचार. मोगरी यांना हवंय ते सावरणं खरं तर याच पुस्तकात आहे, पण तिथे पोचायला आधीची वाचावी लागतात.

मोगरी
हे ऐकून वाचावंसं वाटतंय. पण आठ पुस्तकं हजारात कशी बसवू?

जर्सीकर
मी न्यू जर्सीत असतो. बायकोसाठी ‘थॉर्न्स अँड रोझेस’ची सगळी मालिका हार्डकव्हरमध्ये जमवली, जुन्या मुखपृष्ठांसकट. 2020 मध्ये मुखपृष्ठं बदलली, त्यानंतर पहिल्या आवृत्त्या मिळणं अवघड झालंय. आमच्याकडे 2015 चं पहिलं पुस्तक आहे, लाल मुखपृष्ठाचं. पेपरबॅक घेऊ नका, दुसऱ्या वाचनात पाठ भेगाळते. हार्डकव्हर एकदा घेतलं की जन्माचं काम.

आंबेमोहोर
मोगरी, फुटपाथवरून मात्र घेऊ नका. स्वस्त मिळतं म्हणून मी दुसरा भाग तसाच घेतला. कागद पिवळा, शाई बोटांना लागते. ते चालवून घेतलं असतं, पण मधला अख्खा फर्मा गायब! फेयरा स्टारफॉलसाठी नटून गच्चीत येते आणि पान उलटलं तर लोक भलत्याच ठिकाणी भलत्याच विषयावर बोलताहेत. ती ताऱ्यांची रात्र, तिच्या चेहऱ्यावर तो उजेड सांडतो, ती कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा मनापासून हसते, ते सगळं माझ्या प्रतीत नव्हतंच. मला वाटत राहिलं, लोक या पुस्तकाचं एवढं काय घेऊन बसलेत. नंतर मैत्रिणीच्या प्रतीत वाचलं. अजून राग येतो.

वसुधा_पुणे
एक सूचना करते. दुकानात ही पुस्तकं अजून किशोरांच्या फळीवर दिसतात. 2015 मध्ये किशोरांसाठी म्हणूनच आली होती, पण दुसऱ्यापासून सरळ प्रौढांची आहेत आणि पाचवं तर पूर्णपणे. मी माझ्या तेराच्या लेकीला मुखपृष्ठ बघून घेऊन दिलं. आयांनो, आधी स्वतः वाचा.

ड्रॅगनवेडी
फोर्थ विंगही प्रौढांसाठी आहे, पण फार छान आहे.

काळवीट
माझं मत अप्रिय वाटेल. ज्या रीसँडवर, टॅमलिननंतरच्या फेयराच्या जोडीदारावर, सगळ्या जीव टाकतात, तो पाचव्या पुस्तकात काय करतो? फेयराच्या पोटातल्या बाळाला पंख आहेत, बाळंतपणात तिचा जीव जाऊ शकतो, हे त्याला माहीत, सगळ्या मित्रांना माहीत, आणि तिलाच सांगत नाहीत. टॅमलिनने दार लावलं, याने तोंड लावून घेतलं. मला त्यात फरक दिसत नाही.

निशिगंध
काळवीट, मी याच मुद्द्यावर लिहायला आले होते. फरक आहे. टॅमलिनने तिचं रडणं, ओरडणं, गुदमरणं पाहूनही दार उघडलं नाही. रीसँड भेदरलेला आहे, उपाय शोधत धावतोय.

काळवीट
टॅमलिनही भेदरलेलाच होता. तिला डोळ्यांदेखत मरताना त्याने पाहिलं होतं. भीतीची सवलत एकालाच का?

रानजाई
काळवीट यांना अनुमोदन. आणि ते तिला शेवटी सांगते कोण? नेस्टा, तिची मोठी बहीण. रागाच्या भरात, चुकीच्या पद्धतीने, पण सांगते तीच.

निशिगंध
सूपचा वाडगा विसरलात का दुसऱ्या पुस्तकातला? डोंगरातल्या त्या झोपडीत तो आधी सगळं खरं सांगून मोकळा होतो, एकही गोष्ट हातची न राखता, आणि सगळं ऐकून झाल्यावर ती स्वतःहून वाडगा त्याच्यापुढे ठेवते, म्हणजे जोडीदार म्हणून त्याला स्वीकारते. निवड तिची. पाचव्यात लेखिकेनेच या माणसाशी दगा केला असं मी म्हणेन. तो असा वागला नसता.

काळवीट
पुस्तकात वागलाय म्हणजे वागलाय.

ग्रंथकीटक
चर्चा वाचली. एक नोंद करतो. मराठीत हा अद्भुतरम्य शृंगार 1861 सालीच आला होता. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’, मग 1868 मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’. संकटात सापडलेल्या नायिका, ताटातूट, कपट, शेवटी मीलन, सगळं आहे. जुन्या ग्रंथालयात शोधा, हजारातले हजार वाचतील.

मोगरी
ग्रंथकीटक, ‘मंजुघोषा’ ग्रंथालयात नक्की विचारीन.

काळवीट, निशिगंध, तुमचं दोघींचं वाचून मीही पाचवं पुस्तक परत चाळलं. रीसँडबद्दल काळवीट यांचं मला पटतं. पण ते पुस्तक मी त्याच्यासाठी वाचलंच नाही, नेस्टासाठी वाचलं. शेकोटीत लाकूड तडकलं की तिला बापाची मान मोडल्याचा आवाज येतो, म्हणून ती थंडीतही विस्तव पेटवू देत नाही. हे ती कुणाला सांगत नाही आणि सगळे तिला माजोरडी समजतात. आणि त्या दहा हजार पायऱ्या. उतरायला लागते, पाय थरथरतात, परत वर येते. दुसऱ्या दिवशी थोडी आणखी खाली.

काळवीट
मी दोघी नाही, पुरुष आहे. बाकी नेस्टाबद्दल शंभर टक्के सहमत.

शमी
उशिरा आले. मोगरी, तुमची मागणी नीट वाचली तर एकच पुस्तक पुरेल. ज्युलिएट मॅरिलिअरचं ‘डॉटर ऑफ द फॉरेस्ट’, 1999 चं. जुन्या आयर्लंडमधली गोष्ट. सावत्र आई सहा भावांचे हंस करते. धाकट्या सोर्शाने काटेरी वनस्पतीचं सूत कातून सहा सदरे शिवायचे आणि ते पुरे होईपर्यंत तोंडातून एक शब्द काढायचा नाही. हात सुजतात, बोटं वाकडी होतात. मध्ये तिच्यावर अत्याचार होतो, ते पान जड आहे, मनाची तयारी ठेवून वाचा. पण त्यानंतर जो माणूस तिच्या आयुष्यात येतो तो थांबतो. तिला बोलता येत नाही, तर तिच्या हातांकडे बघून समजून घेतो. सावरायला भरपूर जागा आहे आणि शेवट सुखाचा आहे. पुढे मालिका आहे, पण हे एवढंच वाचलं तरी पूर्ण वाटतं.

दुसरा पर्याय कॅथरिन आर्डेनची त्रयी, ‘द बेअर अँड द नाइटिंगेल’पासून 2019 पर्यंत तिन्ही पूर्ण. जुना रशिया, बर्फ, वास्या आणि हिमदेव मोरोझ्को. शेवट 1380 च्या कुलिकोव्होच्या लढाईपाशी येतो. प्रेम कमी आहे, पण जेवढं आहे तेवढं मनात राहतं.

पारवा
मीही ‘फोर्थ विंग’ सुचवेन. कुणी सुचवलंय का आधी?

कुसुंबी
आणि सॅरा मासची ‘क्रेसेंट सिटी’ही आहे. 2024 मध्ये आलेल्या तिसऱ्या भागात नेस्टा आणि अझ्रिएल येतात. नेस्टा आवडली असेल तर ते सोडू नका. पण त्यासाठी आधीची दोन जाडजूड वाचावी लागतील.

जर्सीकर
त्याचीही हार्डकव्हर आहेत आमच्याकडे.

मोगरी
सगळ्यांचे मनापासून आभार. शमी, तुमचा प्रतिसाद वहीत उतरवून ठेवलाय. सोर्शाची गोष्ट पुढच्या महिन्यात घेईन.

आज मात्र दुकानात जाऊन ‘मिस्ट अँड फ्युरी’ आणि पाचवं, ‘सिल्व्हर फ्लेम्स’, घेतली. दोन्ही पेपरबॅक, दुकानदाराने थोडी सूट दिली, हजारात बसलं. भाचीची पुस्तकं तिला परत द्यायची आहेत आणि ही दोन घरात नसतील हे मला सहन होत नव्हतं.

सह्यकडा
म्हणजे जी वाचून झालीत तीच विकत घेतलीत? मग सल्ला कशाला मागितला?

मोगरी
सल्ला मनापासूनच मागितला होता. तुमच्या सगळ्यांच्या बोलण्यातून लक्षात आलं की मला अजून या गोष्टीतून बाहेर यायचंच नाहीये. रीसँड फेयराला वाचायला शिकवतो ते सगळं मला परत हळू वाचायचंय. आधी पुढे काय होणार म्हणून धावत वाचलं. एकोणीस वर्षांची, शिकार करून घर चालवणारी मुलगी, अक्षरं लावताना तिला लाज वाटते, चिडते, आणि तो तिला स्वतःचीच स्तुती असलेली वाक्यं गिरवायला देतो. चिडवता चिडवता ती वाचायला लागते. तिची कुणी कीव करत नाही.

शमी
छान केलंत. सोर्शा कुठे जात नाही.

रानजाई
दुसऱ्यांदा वाचताना रीसँडने तिला ‘अंडर द माउंटन’मध्ये, अमरान्थाच्या दरबारात, काय काय मदत केली ते आधीच माहीत असतं. पहिलं पुस्तकही परत काढा मग, वेगळंच दिसतं.

जर्सीकर
पेपरबॅकला निदान प्लास्टिकचं कव्हर घाला.

चैत्रपालवी
मी पहिल्या पुस्तकात निम्म्यावर अडकलेय. टॅमलिनच्या बागा आणि मेजवान्या संपतच नाहीत. पुढे रेटू का?

मोगरी
रेटा. ती अमरान्थाच्या डोंगराखाली गेली की वेग येतो. आणि दुसऱ्याची पहिली पन्नास पानं वाचल्याशिवाय सोडू नका.