मदत हवी आहे: शेतातल्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ फोनवर फाटतो, एरर कन्सीलमेंट (चित्राचा हरवलेला भाग अंदाजाने झाकणं) कसं करू?

हरभरा_दारव्हा: दारव्ह्याजवळ आमचं वावर आहे. हरभरा घाट्यावर आलाय, रात्री रोही (नीलगाय) आणि रानडुकरं घुसतात. कॅमेरा लावलाय, ॲप मीच लिहितोय. रेंज पडली की चित्राचा खालचा भाग करडा होतो, नाहीतर जुनं चित्र ओघळत राहतं. हरवलेले मॅक्रोब्लॉक, म्हणजे चित्राचे छोटे चौकोन, झाकायचे कसे? कोड असेल तर द्या. लवकर सांगा, वडील रोज जागलीला जातात.

पॅकेटवाला: कोड नंतर. यूडीपी (हरवलेलं पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, परत मागत नाही) की टीसीपी (परत मागवतो)? डिकोडर, म्हणजे व्हिडिओ उलगडणारा भाग, कोणता? आय-फ्रेम, म्हणजे मागच्या फ्रेमवर न टेकणारं पूर्ण चित्र, किती अंतराने येते? सिमवर सहसा पब्लिक आयपी (बाहेरून थेट जोडता येईल असा पत्ता) मिळत नाही, मग स्ट्रीम फोनपर्यंत पोचतो कसा?

बाभुळगावकर: भाऊ, कायले कोडच्या मागं लागता? माह्या वावरात बी असंच होत होतं. सिम बदललं, अँटेना खांबावर चढवला, टॉवरकडं तोंड केलं, झालं.

हरभरा_दारव्हा: अँटेना खांबावरच आहे, प्रश्न तो नाही. राउटर व्हीपीएनने (खासगी जोडणीने) भाड्याच्या सर्व्हरला जोडलाय. तिथून फोनवर आरटीएसपी (स्ट्रीम मागवायची पद्धत), यूडीपीवर. कोडेक (व्हिडिओ आवळायची पद्धत) एच.२६४, डिकोडिंग अँड्रॉइडच्या मीडियाकोडेकने, म्हणजे फोनच्या हार्डवेअर डिकोडरने.

पॅकेटवाला: मग तिथेच अडतंय. २००३ च्या एच.२६४ मानकात कन्सीलमेंटची पद्धत बंधनकारक नाही. हार्डवेअर डिकोडर काय करेल ते चिप बनवणाऱ्यावर, तुम्हाला त्यात हात घालता येत नाही. एफएफएमपेग या मुक्त व्हिडिओ लायब्ररीचा सॉफ्टवेअर डिकोडर घ्या. तो शेजारच्या ब्लॉकवरून हरवलेल्या १६ बाय १६ च्या ब्लॉकचा मोशन व्हेक्टर (तो कुठून कुठे सरकला ते) अंदाजतो, मागच्या फ्रेममधला तुकडा तिथे बसवतो, मग कडा मऊ करतो. खालचाच भाग का जातो? कित्येक कॅमेरे अख्खी फ्रेम एकाच स्लाइसमध्ये (स्वतंत्रपणे उलगडता येणाऱ्या तुकड्यात) पाठवतात. मधलं एक पॅकेट गेलं की तिथून पुढचं उलगडतच नाही.

नेटकरी_वणी: टीसीपी करा, विषय संपला.

पॅकेटवाला: संपत नाही. रेंज पडल्यावर हरवलेलं पॅकेट परत येईपर्यंत चित्र अडतं आणि मागे मागे पडत जातं. रोही चरून गेल्यावर दिसेल.

नेटकरी_वणी: उशिरा का होईना, दिसेल तरी. करड्या चित्राचं काय करायचं?

रात्रपाळी: राखणीच्या कॅमेऱ्यात कन्सीलमेंटच नको, हे माझं ठाम मत. मागच्या फ्रेममधलं रिकामं वावर आणून बसवलं तर डुक्कर उभं असतानाही वावर रिकामं दिसेल. व्हिडिओ कॉलवर गाल जरा वाकडा दिसला तर कोणाचं काही जात नाही, इथं पीक जातं. खराब भागावर लाल जाळी काढा.

पॅकेटवाला: रेंज वाईट असली की सगळी स्क्रीन लाल होईल. मग कोण बघणार ते ॲप?

बाभुळगावकर: राजेहो, चित्र पाहून रोही पळते का? कुंपणाला झटका मशीन लावा, सोलरवर चालते.

उमरखेडची_मंदा: दादा, झटका मशीनले बॅटरी कोणती लागते? आमच्याकडं बी डुकरं लय झाले.

हरभरा_दारव्हा: ताई, त्यासाठी वेगळा धागा काढा ना. पॅकेटवाले, सेटिंग बघितलं. आय-फ्रेम इंटरव्हल १००, वेग सेकंदाला १० फ्रेम.

पॅकेटवाला: म्हणजे एक चूक १० सेकंदांपर्यंत पुढच्या फ्रेममध्ये उतरत राहते. ओघळतं ते त्यामुळेच. इंटरव्हल २० करा, २ सेकंदांत साफ होईल. आय-फ्रेम जड असते, म्हणून रिझोल्यूशन एक पायरी उतरवा, नाहीतर त्याच बिटरेटमध्ये (सेकंदाला जाणाऱ्या डेटात) चित्र धूसर होईल. स्लाइसची किंवा इंट्रा रिफ्रेशची (चित्र थोडं थोडं करून ताजं करायची) सोय असेल तर तीही चालू करा.

हरभरा_दारव्हा: स्लाइस, इंट्रा रिफ्रेश दोन्ही नाहीत. २० केलं, चित्र खरंच लवकर सावरतं. एफएफएमपेगही जोडला. पण रात्रपाळींचं म्हणणं मला पटतंय. कोणते ब्लॉक अंदाजाने भरलेत ते ॲपला कसं कळेल?

पॅकेटवाला: फ्रेम खराब असल्याची खूण मिळते, जागा मिळत नाही. ब्लॉकनिहाय चुकांचा तक्ता डिकोडरच्या आत असतो. तो हवा तर सोर्समध्ये बदल करून स्वतः बिल्ड करावं लागेल. तोवर खूण आली की कोपऱ्यात "चित्र अर्धवट" एवढं दाखवा.

रात्रपाळी: आणि शेवटची धड फ्रेम किती वाजताची, तेही तिथेच लिहा. वडिलांना बॅटरी घेऊन उठायचं की नाही ते त्यावरूनच ठरवता येईल.